मागच्या सीटचं माप

सिग्नलला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचं हेल्मेट मागून धरून ओढणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. दुर्दैवाने तो माझा घरमालक होता आणि त्या वेळी मी त्याच्या शेजारीच उभी होते.

आम्ही भाजी घेऊन परतत होतो. नानांनी पिशवी माझ्या हातात दिली, दोन पावलं पुढे गेले आणि मोटारसायकलवर थांबलेल्या एका धडधाकट तरुणाच्या हेल्मेटची मागची कड त्यांनी वर उचलली. हनुवटीखाली पट्टा लावलेला होता, तरी हेल्मेट पुढे घसरून त्याच्या नाकावर आलं. तो भडकणारच.

"ओ काका, येडे झाले का?"

"एक नंबर मोठं आहे," नाना म्हणाले. "बदलून घ्या."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि तो तरुण नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. नानांनी पिशवी परत घेतली आणि गिलकी आजकाल कडू का निघतात हा विषय जिथे सोडला होता तिथून पुढे सुरू केला. लाजेने मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. पण त्याहून जास्त मला हे जाणून घ्यायचं होतं की हा माणूस असं का करतो.

चौकसपणा हा माझा जुना रोग आहे. नानांच्या घरात राहून तो बळावला.

मी धुळ्याची. शेतकीची पदवी घेतली आणि बियाण्यांच्या एका कंपनीत लागले. धरणगाव तालुक्यातल्या गावांत फिरून कापसाचे प्लॉट बघायचे, शेतकऱ्यांशी बोलायचं आणि राहायचं जळगावात, असं काम. सहा महिने उमेदवारी. अट एकच, पण माझ्या जिवावर उठलेली. उमेदवारी संपायच्या आत सगळी गावं स्वतःच्या मोटारसायकलवर फिरता आली पाहिजेत. स्कूटर चालली असती, पण काळ्या मातीतल्या शिवाररस्त्यांवर तिची छोटी चाकं रुतून बसतात हे तिथल्या प्रत्येकाने मला ऐकवलं होतं. आणि मला सायकलच्या पलीकडे काही येत नव्हतं. धुळ्याहून निघताना वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "नाही जमलं तर सरळ परत ये. बघायला येणारी मंडळी थांबलीयेत." थोडक्यात, गाडी आली तर नोकरी, नाही आली तर पोहे.

नानांचं घर मेहरूणमध्ये, तलावाच्या मागच्या गल्लीत. वरची खोली रिकामी आहे, पण म्हातारा कुणालाच देत नाही, असं शेजारच्या काकूंनी मला फाटकाशीच सांगितलं. तरी मी गेले. नानांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"फिरती कुठली?"

मी गावांची यादी म्हणून दाखवली. पाचव्या की सहाव्या गावाला त्यांनी मान वर केली.

"ते गावपण तुझ्याकडेच?"

"हो."

ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावरचा सज्जनपणा कामाला आला.

बासष्ट-त्रेसष्ट वय असेल. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. कोपऱ्यावरून दूध आणायला मोटारसायकल काढली तरी जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हेल्मेट असा सगळा सरंजाम अंगावर चढायचा. गल्लीतले लोक त्यांना चंद्रावर निघालेले नाना म्हणायचे. त्यांच्या त्या जुन्या गाडीला मागचे फुटरेस्ट नव्हते. तुटलेले नव्हते, काढून टाकलेले होते, आणि त्या जागी नीट ग्रीस लावलेलं होतं. म्हणजे मागे कुणी बसायचा प्रश्नच मिटवलेला.

धुळ्याला त्यांच्या चकरा असायच्या. बसने अडीच तासांत माणूस पोचतो. नाना रेल्वेने निघायचे, चाळीसगावला गाडी बदलायचे आणि अर्धा दिवस घालवून धुळ्यात उतरायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मला खिडकीतून रूळ बघायला आवडतात." आपण बसलेल्या गाडीचे रूळ खिडकीतून दिसत नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि बाहेरच्या खोलीतली ती फळी. तिच्यावर सहा हेल्मेटं ओळीने ठेवलेली. पाच खरडलेली, चेपलेली, एकाची काच गेलेली. ओळखीच्या गॅरेजवाल्यांकडून मागून आणलेली होती. नाना एकेका ओरखड्यावरून बोट फिरवून सांगायचे, "हे कामाला आलं. हे पण आलं. याचा मालक भडगावला केळी विकतो." सहावं मात्र कोरं करकरीत, निळं, दुकानातून आत्ता काढल्यासारखं. त्याच्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "ते राहू दे." एकदा मी ते डोक्यात घालून बघायला उचललं, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही, हळूच. त्यामुळे मला जास्तच अस्वस्थ वाटलं.

माझी गाडी निवडायचं काम त्यांनी न विचारता अंगावर घेतलं. मला टाकी फुगलेली, धडधड आवाज करणारी मोठी गाडी हवी होती. मोबाइलवर फोटो दाखवला, तर नानांनी फोटोकडे न बघता मला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि शिंप्याच्या टेपने माझा पाय मोजला.

"ड्रेस शिवताना माप देते ना? मग गाडीला का नको? टाच जमिनीला टेकली पाहिजे. नुसत्या बोटांवर उभा राहिलेला माणूस पहिल्या खड्ड्यात आडवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात निंबाखाली पोती अंथरलेली आणि नानांची गाडी त्यावर आडवी निजवलेली.

"उचल."

"नाना, मला चालवायची आहे."

"पडणार तू शिवारात. तिथे मी येणार आहे का उचलायला?"

पाठ सीटला लावायची, गुडघ्यात वाकायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा आणि पायांच्या जोरावर मागे सरकत जायचं. कंबर वापरायची नाही. पहिल्या दिवशी गाडी जागची हलली नाही. शेजारच्या काकू गच्चीवर कपडे वाळत घालता घालता थांबून बघायच्या आणि मला त्यांचाच राग यायचा. आठव्या दिवशी ती उभी राहिली. मी इतकी ओरडले की काकूंच्या हातातली चादर खाली आमच्या अंगणात पडली. नाना म्हणाले, "आता दुकानात जाऊ. जी उचलता येते तीच बघायची."

शोरूममधला सेल्समन रंग आणि अ‍ॅव्हरेज सांगत होता. नानांनी त्याला बाजूला केलं आणि मला गाडी बंद ठेवून दारापुढच्या उतारावरून उलटी वर ढकलायला लावली. एक जमली नाही, दुसरी जमली. मग नाना स्वतः त्या दुसरीच्या मागच्या सीटवर, डोक्यात हेल्मेट घालून, एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसले.

"साडीतल्या बाईचा पाय कुठे टेकेल?" त्यांनी विचारलं.

सेल्समनने त्यांना बाजूची जाळी दाखवली. नानांनी उतरून जमिनीपासून फुटरेस्ट मोजला, फुटरेस्टपासून सीट मोजली, मागचा दांडा हलवून बघितला, सीट मुठीने दाबून बघितली. माझ्या पायाचं माप घ्यायला त्यांना एक मिनिट लागलं होतं. मागच्या सीटला दहा.

"नाना, माझ्या मागे कोण बसणार आहे?"

"बसेल कुणीतरी."

माझे वडील आणि नाना आतून एकमेकांना मिळालेत की काय अशी मला दाट शंका आली. पण गाडी तीच घेतली. साधी, हलकी, काळी. माझ्या स्वप्नातल्या गाडीची ती लांबची चुलत बहीणही लागत नव्हती.

अंगावरच्या वस्तूंमध्ये त्यांनी पहिल्यांदा हातमोजे घ्यायला लावले. माणूस पडताना आधी हात टेकतो, म्हणून. पटत नव्हतं, पण शिकताना मैदानात मी चालत्या माणसाच्या वेगाने पडले आणि मोज्याच्या तळव्यावर मुरमाने काढलेली नक्षी पाहिली, तेव्हा गप्प बसले. जॅकेटवरून भांडण झालं. जळगावच्या उन्हात जॅकेट! नाना म्हणाले, "शेतात राबणारा माणूस उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो? उघडं अंग आधी भाजतं." जाळीचं जॅकेट आणि आत पाण्यात बुडवून पिळलेला सुती कुर्ता हा त्यांचा उपाय. खरं सांगायचं तर पाळधीपर्यंत तो कुर्ता गार राहायचा, पुढे आपण आणि आपलं नशीब.

आणि हेल्मेट. दुकानात ते घालून मला पाऊण तास स्टुलावर बसवून ठेवलं. कपाळ दुखतं का, गाल दाबले जातात का. अंबाडा चालणार नाही, वेणी खाली घाल. येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून जात होती. गाल इतके आवळले होते की मला नीट बोलता येत नव्हतं, आणि नाना त्याच गोष्टीवर खूश होते.

त्यानंतर रोज सकाळी एकच विधी. मी गाडीवर बसायची, नाना मागे यायचे, हेल्मेटची मागची कड धरून वर ओढायचे. माझी मान पुढे झुकायची, हेल्मेट जागेवर. "घट्ट शे," म्हणायचे आणि फाटक उघडायचे. घरात ते शहरी मराठी बोलत, पण हे दोन शब्द नेहमी खानदेशीतच यायचे.

मार्च लागला आणि ऊन चटके द्यायला लागलं. आमच्याकडे उन्हाळ्यात डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाप्या घराबाहेर पडत नाही आणि स्कार्फ गुंडाळल्याशिवाय बाई. माझ्या त्या आवळ हेल्मेटखाली कापडाचा पदर शिरायला जागा नव्हती. कान भाजायचे. एका संध्याकाळी मी रस्त्यावरच्या दुकानात थांबले. दुकानदार भला माणूस होता.

"ताई, एक नंबर मोठं घ्या. आत स्कार्फ बसेल. उन्हाळ्यात सगळे तेच नेतात."

रंग तोच घेतला, म्हणजे नानांना कळायला नको. सकाळी स्कार्फ दोनदा गुंडाळून वर ते चढवलं, पट्टा लावला. काय आराम वाटला! नाना मागे आले, कड धरली, ओढलं. आणि हेल्मेट स्कार्फसकट त्यांच्या हातात गेलं.

मी ओरडा खायच्या तयारीत होते. त्यांनी हेल्मेट उलटं करून आतला नंबर वाचला.

"दुकानदार काय म्हणाला? शब्द सांग."

मी सांगितले. नाना पायरीवर बसले.

"मन्हाच तोंडनं वाक्य शे हाई," ते म्हणाले.

धुळ्यात त्यांचं दुकान होतं. हेल्मेट, रेनकोट, सीटची कव्हरं. उन्हाळ्यात आलेल्या प्रत्येकाला ते हेच सांगायचे. एक नंबर मोठं घ्या, आत रुमाल बसेल. लोकांना बरं वाटायचं, माल जायचा, यात काही वाईट आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ तसंच हेल्मेट घालून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी धुळ्याहून निघाला. त्यांच्या मोठ्या बहिणीला, अक्काला, सासरहून माहेरी आणायला. आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला भाऊ जातो, तो मुराळी. अक्का साठीला टेकली होती तरी दर वर्षी मुराळी जायचाच. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यावर वाळू सांडलेली होती. वेग काही फार नव्हता.

"हेल्मेट निघून निंबाखाली जाऊन पडलं. सावलीत," नाना म्हणाले. "लोकांनी पुसून आणून दिलं मला. म्हणे, नवंच शे भाऊ, एक वरखडा नही."

फळीवरचं ते निळं कोरं हेल्मेट. मी ते डोक्यात घालायला निघाले होते.

"कुणाकुणाला विकलं ते आता आठवत नाही," ते म्हणाले. "म्हणून दिसेल त्याचं ओढून बघतो."

दुकान मोडून जळगावला आल्यावरही धुळ्याच्या चकरा त्यासाठीच होत्या. जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणी सापडतं का बघायला. आणि चाळीसगावचा फेरा पारोळ्याचा रस्ता टाळण्यासाठी. भावाच्या तेराव्याला अक्काने सांगितलं होतं, यापुढे मला घ्यायला कुणी यायचं नाही. नंतर नाना फोन करत, ती उचलत नसे. हेल्मेट आपल्या दुकानातलं होतं हे तिला कळलं असणार आणि म्हणून ती तोंड बघत नाही, असं नानांनी धरून ठेवलं होतं. नऊ आखाज्या अशाच गेल्या. मी वर जाऊन माझं जुनं, आवळ हेल्मेट घालून आले. नानांनी दोनदा ओढून पाहिलं आणि मगच फाटक उघडलं.

आखाजीच्या आठ दिवस आधी माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. वडिलांना फोन केला, ते "बरं" म्हणाले आणि दोन मिनिटांनी पुन्हा फोन करून गाडीचा फोटो मागितला. मी पेढे घेऊन नानांकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, आत गेले आणि खोक्यातून एक नवं हेल्मेट घेऊन आले. लहान मापाचं, पांढरं.

"अक्काचं डोकं आईसारखं आहे. लहान," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी गेलो तर ती दार उघडणार नाही. तुझ्या फिरतीतलंच गाव आहे."

पाचवं की सहावं गाव! मला सगळं एका दमात कळलं. किल्ली. जाळी. मागच्या सीटला दहा मिनिटं.

"म्हणजे खोली तुम्ही मला नव्हती दिली. त्या गावाला दिली होती."

"हो," नाना म्हणाले. खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मला रागच आला. मी वर गेले, दार आपटलं आणि खाटेवर बसले. आठ दिवस पोत्यावरची गाडी उचलली ती कुणासाठी? समोर खुंटीला हातमोजे टांगले होते, तळव्यावर मुरमाची नक्षी. ते तळवे माझे होते, अक्काचे नव्हते. पत्रही माझंच होतं. थोड्या वेळाने मी खाली आले. नाना पेढ्यांच्या पुड्याशी तसेच बसलेले.

"मुराळ्याने काय घालायचं असतं?"

"जॅकेट," नाना म्हणाले.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी सकाळी लवकर निघाले. अक्का ओट्यावर डाळ निवडत होत्या. लहानखुऱ्या, करड्या केसांच्या, नजर नानांचीच.

"कोन व तू?"

"नानांनी पाठवलंय. मुराळी म्हणून आले."

त्यांनी माझं जॅकेट पाहिलं, बूट पाहिले. "पोर मुराळी? मी तर कधी ऐकं नही." आणि सूप उचलून आत निघाल्या. "त्याले सांग, मी येत नही."

मग मी त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. एक नंबर मोठं, सिग्नलवरची माणसं, फळीवरचं निळं हेल्मेट. त्या दारातच थांबल्या. सूप खाली ठेवून वळल्या.

"त्यानी हेल्मेट इकं म्हनून?" त्या म्हणाल्या. "मीच त्याले घाई करी व माय. तीनदा फोन. लवकर ये, लवकर ये. मी नानाले कोनतं तोंड दाखाडू?"

म्हणजे नऊ वर्षं दोघंही आपापल्या घरात एकच अपराध स्वतःच्या नावावर धरून बसले होते. मला रडू आलं. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या गाडीकडे बोट केलं.

"पाडशी का?"

"पडली तर उचलता येते मला."

हे उत्तर त्यांना का पटलं कोण जाणे, पण त्या पिशवी भरायला आत गेल्या. हेल्मेट घालताना मात्र पदरावरूनच घालायचं म्हणून हटून बसल्या. डोक्यावरचा पदर आतून काढायला लावण्यात माझा अर्धा तास गेला. नाना असते तर पाऊण तास गेला असता. मग पांढरं हेल्मेट त्या करड्या डोक्यावर असं बसलं की गाल फुगून अक्का लहान मुलीसारख्या दिसायला लागल्या. पाय जाळीवर बरोबर टेकला. पूर्ण रस्ता मी चाळिसाच्या वर गेले नाही. माझ्या खांद्यावरची पकड पाळधीला थोडी सैल झाली.

मेहरूणला फाटक उघडंच होतं. निंबाला आखाजीचा झोका बांधलेला, कडेला धाकट्या भावाच्या नावाने भरायची घागर आणि तिच्यावर ठेवायला आणलेलं डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज. नाना अंगणाच्या मधोमध उभे होते. ते पुढे आले नाहीत, ये म्हणाले नाहीत. गाडीला वळसा घालून सरळ आमच्या मागे गेले आणि अक्काच्या हेल्मेटची मागची कड धरून त्यांनी वर ओढली.

हेल्मेट हललं नाही. अक्काची मान पुढे झुकली.

"मुंडी मोडशी का रे?" अक्का ओरडल्या.

नानांनी हात काढला नाही. "घट्ट शे, अक्का," ते म्हणाले, आणि बराच वेळ तसेच धरून उभे राहिले.